नमुन्याबरहुकूम भोपळा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे (हा ओटा इतका बुटका आहे हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही?), तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून पाहुणचार घेतो आहे? तुमच्या गच्चीतला टोमॅटो एकदाचा पिकला का, की भावोजी अजून रोज सकाळी त्याची समजूत काढतात? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात काहीही क्षेम नाही. सगळं विस्कटलं आहे, आणि त्या पसाऱ्याच्या बरोबर मधोमध तू पाठवलेलं पाककृतींचं पुस्तक मैद्याच्या डब्याला टेकून उभं आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलायचं आणि मी ऐकायचं अशी आपली लहानपणापासूनची वाटणी आहे, म्हणून पत्र लिहितो.

आधी झालं काय ते नीट मांडतो, म्हणजे पुढे भांडायला सोपं जाईल. बाबांचं ताट परत यायला लागलं ते उन्हाळ्यातल्या तापानंतर. ताप गेला, भूक काही परत आली नाही. चार शितं चिवडायची, पोट भरलं म्हणायचं आणि उठायचं. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही, वजन मात्र उतरत चाललेलं. ते म्हणाले, तळलेलं बंद करा, भाज्या द्या, भाजी तोंडी लावायला नको, भाजीच मुख्य करा, पानगळीच्या दिवसांत भाज्या छान मिळतात. हे मी तुला फोनवर सांगितलं आणि तू ताडकन म्हणालीस, "तुझी बायको त्यांना धड खायला घालत नसेल." ताई, हे वाक्य स्पीकरवर होतं. ते बटण फोनवर नेमकं कुठे असतं हे मला आजही ठाऊक नाही, पण त्या वेळी ते चालू होतं एवढं खरं. तुझ्या भावजयीने हातातला झारा ओट्यावर ठेवला, मला म्हणाली, "तुमच्या ताईंना सांगा, आजपासून त्यांचा भाऊच घालील," आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसली. ती अजून तिथेच आहे. (आता शब्दकोडीही सोडवते. 'पाच अक्षरी निरुपयोगी वस्तू' असं मोठ्यांदा वाचते आणि माझ्याकडे बघते.)

तू मात्र तेवढ्यावर थांबली नाहीस. पानगळ संपेस्तोवर वजन वाढलं नाही, तर मोठी रिकामी बॅग घेऊन येईन, बाबांचे कपडे भरीन आणि त्यांना इकडे घेऊन जाईन, असं तू जाहीर केलंस. तेही स्पीकरवरच. बाबा खोलीत होते. ते खुर्ची थोडी खिडकीकडे वळवून बसले. त्या खिडकीतून समोरच्या घरांची रांग दिसते आणि तिच्यातली निम्मी घरं बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको. कोपऱ्यावरच्या घराने परवा दारं बदलून घेतली, तेव्हा दिवसभर त्यांनी त्या घरमालकाला नावं ठेवली होती. अशा माणसाला तिथून हलवायचं म्हणजे काय, याचा विचार करत मी त्या संध्याकाळी तुझं पुस्तक उघडलं.

आता माझा धंदा तुला माहीत आहे. बाबांनी जन्मभर भिंती रंगवल्या, मी दुकानात रंग कालवतो. गिऱ्हाईक पडद्याचं चिंधूक आणतं, फुटक्या बशीची कपची आणतं (एक बाई तर गेलेल्या पोपटाचं पीस घेऊन आली होती, रडत होती, बैठकीची खोली तशी हवी म्हणाली), आणि म्हणतं, अगदी असा द्या. मी पांढऱ्यात थेंब थेंब रंग सोडतो, पुठ्ठ्यावर पट्टी ओढतो, ती वाळू देतो, दारात उजेडाला नेऊन नमुन्याशेजारी धरतो. जुळलं की काम संपलं. शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही. 'जरा फिका' म्हणजे किती, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि तुझ्या पुस्तकात शब्दच शब्द. चवीपुरतं मीठ. अंदाजाने पाणी. भाजी शिजत आली की मसाला. शिजत आली म्हणजे कुठून कुठे आली? मी पुस्तक मिटणारच होतो, तेवढ्यात समोरच्या पानावरचा फोटो दिसला. भरलेला लाल भोपळा. स्वच्छ उजेडात काढलेला, गुळगुळीत कागदावर छापलेला, कडेपर्यंत रंगाला रंग लागून आलेला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, नमुना मिळाला, आता राहिलं काय?

भोपळा भाजीवाल्याने शपथेवर लाल म्हणून दिला. कापला तर आतून पुठ्ठ्यासारखा. फोटोतला रंग म्हणजे आमच्या भाषेत 'ओली वीट, किंचित पिवळी'. मी हळद घातली, तो रस्त्याकडेच्या पाटीसारखा पिवळा झाला. पिवळा मारायला बिटाचा रस घातला, मग तो जांभळ्याकडे झुकला. फिका करायला दही, दह्याने आलेली मळकट छटा घालवायला पुन्हा हळद, आणि मग लाल तिखट, कारण घरात लालात लाल तेच होतं. आत भरायला अळंबी, गाजर आणि मसूर घेतले, त्यांची जुळणी वेगळी केली. फोटोत भोपळ्याच्या डाव्या अंगाला सावली पडली होती, ती मी दालचिनीच्या पुडीने दिली. चाखून बघितलं का, असं तू विचारशील. ताई, रंग कालवताना कोण चाखून बघतं? शिवाय ओला रंग वाळला की गडद होतो हे पक्कं डोक्यात असल्यामुळे भोपळा पूर्ण निवेपर्यंत मी कुणाला हात लावू दिला नाही. मग तो खिडकीपाशी नेला, पुस्तक शेजारी धरलं. खोटं सांगत नाही, कुठला फोटो आणि कुठला भोपळा हे सांगता आलं नसतं.

तुझ्या भावजयीने एक घास खाल्ला. पाणी प्याली. पुन्हा पाणी प्याली. शांतपणे तिने विचारलं, दालचिनी कशासाठी? मी म्हटलं, सावलीसाठी. यावर तिने पाव आणि एक पेरू उचलला आणि ती शब्दकोड्याकडे परत गेली. मी तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि बाबा हसले. मोठ्याने, खांदे हलवून हसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चमचा उचलला आणि अख्खा अर्धा भोपळा, सालाची वाटी राहीपर्यंत, कोरून खाल्ला. अजून आहे का, असंही विचारलं. मी माझ्या वाट्याचा भोपळा फोटोकडे बघत बघत खाल्ला. मला तो उत्तम लागला.

त्यानंतर माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत, हे कबूल करायला हवं. पालकाचा हिरवा टिकावा म्हणून त्यात सोडा घातला, नमुना जुळेपर्यंत घातला. फ्लॉवर पांढराशुभ्र राहावा म्हणून लिंबू पिळलं, मग घरातली सगळी लिंबं पिळली. बाबा प्रत्येक वेळी ताट स्वच्छ करत. डॉक्टरांच्या काट्यावर वजन वर सरकलं, डॉक्टर मला म्हणाले, असंच चालू ठेवा. मी डबा दुकानात न्यायला लागलो. मालकांनी पालक चाखला, बराच वेळ तो तोंडात तसाच धरून ठेवला, दुकानामागे जाऊन आले आणि म्हणाले, तुझं घरी सगळं ठीक आहे ना? टेम्पोवाल्याने तर नुसतं झाकण उघडून वास घेतला आणि हा डबा थिनरच्या रॅकजवळ ठेवू नका, असा सल्ला दिला. (हा माणूस स्वतः शिळे वडे खातो, आणि नाकाने कांदे सोलतो!) मी मनात म्हटलं, जळतात. घरी येऊन मी तुझ्या भावजयीला, ती बिचारी पेरू खात असताना, ताटातल्या रंगसंगतीविषयी दोन शब्द ऐकवू लागलो. साऱ्या जगात माझ्या हाताची कदर असलेला एक माणूस होता, तो माझा बाप होता, आणि तू बॅग घेऊन येण्याची शक्यता दिवसेंदिवस मावळत होती. ताई, इतका सुखी मी लग्नातही नव्हतो.

मग रताळ्यांचा दिवस आला. रताळी, गाजर आणि कांदा, मंद आचेवर भाजलेले. मी एक गाजर घेऊन खिडकीत फोटोशी जुळवत उभा होतो आणि पाठीमागे कढई तळापासून करपली. नुसती लागली नाही, पार कोळसा झाली. धूर फार नव्हता, पण वास असा की खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली बाई पाण्याची बादली घेऊन जिना चढून आली. तुझी भावजय कोडं टाकून धावली. दारं उघडली, खिडक्या उघडल्या, आम्ही तिघं खोकून खोकून बेजार, डोळ्यांना धार. आणि बाबा, ज्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली आहे, ते समोरच्या घरांकडे बघत निवांत बसले होते. आमची पळापळ बघून त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "जेवायला अजून वेळ आहे का?"

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. पण तुझी भावजय जागच्या जागी थांबली. (तिचं डोकं माझ्यापेक्षा तेज आहे, हे मी तिच्यासमोर कधी म्हणत नाही, इथे लिहितो.) ती ती कढई घेऊन बाबांपाशी गेली, त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, कसला वास येतोय? बाबांनी कढईत पाहिलं आणि म्हणाले, करपलंय वाटतं. ती म्हणाली, "बाबा, डोळे मिटा." त्यांनी मुकाट्याने मिटले. तिने चमचाभर व्हिनेगर त्यांच्या तोंडात दिलं, नुसतं, ज्याच्या वासाने माझे दात आंबले. बाबांनी ते जिभेवर फिरवलं, गिळलं आणि म्हणाले, "पाणी?"

शिवणकामवाली बाई बादली उचलून हळूच निघून गेली. बरं केलं तिने.

ताई, त्या तापातच त्यांचा वास गेला आणि वासाबरोबर चवही गेली. सगळं ओल्या कागदासारखं लागतं म्हणाले. सांगितलं का नाही, तर म्हणे सांगून काय होणार होतं, तू बॅग घेऊन आदल्याच दिवशी आली असतीस. शिवाय ही रोज वाढताना विचारायची, कसं झालंय? बिचारी एवढं रांधते, तिला खोटं काय सांगायचं, म्हणून घासच कमी घ्यायचे. हे ऐकून तुझी भावजय खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. इतके महिने तिला वाटत होतं की तिच्याच हाताची चव गेली. कुणाला म्हणाली नाही. आणि वर तुझं ते स्पीकरवरचं वाक्य. मी तिला गाढव म्हणालो होतो ते तर मला आठवलंच, पण गुळाची चव खरोखर कुणाला लागत नव्हती हे कळल्यावर मला त्या म्हणीची इतकी लाज वाटली की मी बाबांकडे बघू शकलो नाही.

आणि माझं काय, असंही मनात आल्यावाचून राहिलं नाही. आयुष्यात एक रसिक मिळाला, त्याला चवच नव्हती! मी बाबांना विचारलं, मग माझा भोपळा कसा काय संपवलात? ते म्हणाले, भोपळ्याचा रंग बरोबर लागला होता, बघून तरी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. आणि पुढे म्हणाले, पालक मात्र निळ्याकडे गेला होता, मी बोललो नाही.

डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही, या वयात शब्द देता येत नाही. गॅसपाशी त्यांना एकटं सोडू नका, हेही म्हणाले. मी हात टेकले आहेत, ताई. रोज संध्याकाळी दुकानातून येताना फुटपाथभर पडलेली पानं तुडवत येतो आणि मनात एकच असतं, आता काय रांधायचं, कुणासाठी आणि कसं? माझ्याकडे स्वयंपाक नाही, हिच्याकडे उमेद नाही, बाबांकडे चव नाही. तीन माणसांच्या घरात एवढी तूट भरून निघत नाही. तू थोरली आहेस, तुझ्या हाताला चव आहे आणि घरात माणसं आहेत. तू म्हणत होतीस तेच खरं असेल. ये आणि घेऊन जा त्यांना. मी अडवणार नाही.

भावोजींना आणि टोमॅटोला नमस्कार.

तुझा हरलेला धाकटा भाऊ

ता. क. वरचं पत्र हिला वाचून दाखवलं. 'हिच्याकडे उमेद नाही' यावर तिने शब्दकोड्याच्या पेन्सिलने काट मारली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बघते तर मिठाचा डबा सापडेना. (तो मी रंगाप्रमाणे लावून पिठांच्या रांगेत ठेवला होता.) यावरून तिने मला जे ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. आता चव तिची, रंग माझा, अशी वाटणी ठरली आहे. ती मला हळदीचा डबा हातात देत नाही.

ता. क. २. एक गोष्ट मला आज जेवताना कळली, ती सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. बाबा घास तोंडात घालतात आणि चावण्याआधी आमच्याकडे बघतात. आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे. आमची तोंडं बघून त्यांना कळतं, आज काय लागतंय ते. आज गाजर आणि भोपळा होता, आम्ही दोघं मिटक्या मारत होतो (खरोखर चांगला झाला होता), तर तेही खात राहिले आणि हिला म्हणाले, मीठ बेताचं आहे नाही? होतं बेताचंच. म्हणजे आधी हिचा काळजीने ओढलेला चेहरा बघून त्यांना रोज वाटायचं की आज जेवण बिघडलंय. आणि माझ्या भोपळ्याच्या वेळी टेबलावर खूश चेहरा फक्त माझाच होता. त्याच्या जोरावर म्हाताऱ्याने तो पालकसुद्धा संपवला गं.

ता. क. ३. आता वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हाताची चव पंचक्रोशीत कुणाला नाही. पण एका जाणकाराचं मत म्हणून सांगतो, तुझं सगळं जेवण एकाच रंगाचं असतं. आमच्या दुकानातल्या रंगांच्या कार्डावर त्याला 'गोदामाचं दार' म्हणतात. त्यात भावोजी जेवताना खोकतात आणि तुझी सून ताटात फोन बघते. तिथे बाबा कुणाचं तोंड बघून जेवतील?

ता. क. ४. तेव्हा घेऊन जा असं वर जे लिहिलं आहे ते खोडायला हवं, पण तिथे कागद पातळ आहे, फाटेल. तू ये मात्र नक्की. पानगळ संपायच्या आत ये, चवीपुरतं म्हणजे किती ते मला एकदा हातावर घालून दाखव, आणि बाबांच्या समोर बसून चांगली चार दिवस जेव. जेवताना तू जशी हसतेस तशी हसत जेव, तेवढ्यासाठीच बोलावतो आहे. कालपासून बाबा दोनदा विचारून गेले, ताईची ती बॅग केवढी आहे? मी सांगून टाकलं की तुझ्या बॅगेची चेन तुटली आहे. तेवढं खोटं पाडू नकोस, कपडे पिशवीतून आण.